फळ्यावरची मगर, दारातलं कुत्रं

मराठी वाचायला शिकणारं मूल बहुतेक वेळा ‘मगर’ आधी वाचतं आणि ‘कुत्रा’ कितीतरी नंतर. मगर या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. ‘ग म भ न’ या ओळखीच्या क्रमाने अक्षरं घ्यायला सुरुवात केली की थोड्याच दिवसांत मगर फळ्यावर येते. तिच्या मागोमाग गगन, बदक, कमळ. कुत्र्याला उकार आहे, काना आहे, वर ‘त्र’ हे जोडाक्षर आहे, म्हणून त्याला वर्ष सरेपर्यंत थांबावं लागतं. ‘म्ह’ आणि ऐकार यांच्यामुळे म्हैस आणखी मागे राहते. शेळी, कोंबडी, मांजर, बैल, वासरू, करडू: आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला किंवा जैनथ मंडलातलं मूल सकाळी डोळे उघडल्यापासून ज्यांच्यात वावरतं, ते सगळे मात्रांच्या आणि अनुस्वारांच्या पलीकडे उभे असतात.

अक्षरांच्या बाजूने पाहिलं तर हा क्रम चुकीचा नाही. सोप्याकडून अवघडाकडे जायचं, आणि देवनागरीत सोपं म्हणजे बिनचिन्हाचं अक्षर. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर काय होतं? ज्याने मगर कधी पाहिली नाही तो मगर वाचतो, ज्याने शहामृग पाहिलं नाही तो अंकलिपीत शहामृगावर बोट ठेवतो, आणि हळूहळू त्याच्या मनात एक समजूत पक्की होते की वाचणं म्हणजे आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींची नावं बाई सांगतील तशी म्हणणं. आपल्या घरातलं, आपल्या गोठ्यातलं, आपल्या तोंडातलं काही पुस्तकात असू शकतं हे त्याला सुचतच नाही. पहिली-दुसरीत वाचनापासून दुरावलेली अनेक मुलं अक्षरांवर अडलेली नसतात. ती या समजुतीवर अडलेली असतात, असं माझं ठाम मत आहे.

पाळीव प्राण्यांची चित्रपुस्तकं या गाठीला हात घालतात. पुढच्या पानांमध्ये आदिलाबाद आणि आसपासच्या सीमेवरच्या भागातल्या शिक्षकांसाठी, अंगणवाडी ताईंसाठी आणि पालकांसाठी अशा पुस्तकांची ओळख आहे. कोणती निवडावीत, वर्गात कशी वाचावीत, नसतील तर कशी तयार करावीत, हे तिथे येईल. ही पुस्तकं एवढी महत्त्वाची का, ते या प्रस्तावनेत मांडते.

पहिल्यांदा ‘पाळीव’ म्हणजे काय ते आपल्या मुलखापुरतं ठरवून घेऊ. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी पुस्तकांत पाळीव प्राणी म्हणजे सोफ्यावर झोपणारा लांब केसांचा कुत्रा, काचेच्या भांड्यातला मासा, पिंजऱ्यातला पोपट. पैनगंगेच्या या काठावर तसं नाही. इथली जमीन काळी आणि पीक कापसाचं, त्यामुळे बैलजोडी हा घरातला कर्ता जीव आहे. पोळ्याला, म्हणजे इथल्या तेलुगू बोलीत पोलाला अमावास्येला, त्याची शिंगं रंगतात, अंगावर झूल चढते, आणि घरातलं सगळ्यात लहान मूलही त्याच्या पाया पडतं. शेळी म्हणजे अडीनडीची शिल्लक. कोंबडी म्हणजे अंडी, आणि पाहुणा आला तर रस्सा. कुत्रं शेतावर रानडुकरांसाठी असतं आणि मांजर कणगीपाशी उंदरांसाठी. पाच वर्षांची पोरगी करडाला बाटलीने दूध पाजते, सहा वर्षांचा पोरगा सुट्टीच्या दिवशी दोन शेळ्या घेऊन बांधावर जातो. या मुलांना प्राणी आवडतात एवढं म्हणून भागणार नाही. त्यांना प्राणी *कळतात*. कोणती शेळी लाथ मारते, खुडूक कोंबडी जवळ गेलं की पिसं कशी फुलवते, व्यायला आलेली गाय कशी अस्वस्थ होते, कुत्र्याचं कोणतं भुंकणं ओळखीच्या माणसाचं आणि कोणतं परक्याचं, हे सगळं त्यांना वर्गातल्या बऱ्याच मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

याच ज्ञानाला शाळेत जागा नसते. गुरं राखायला जाणारं मूल म्हणजे गैरहजर मूल, एवढीच त्याची नोंद होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर या नोंदीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. वारली मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरांमागे नेऊ, असं म्हणून त्यांनी कुरणशाळा चालवली. गुरं चरत राहिली आणि मुलं तिथेच शिकत राहिली. आज आपण शाळा कुरणात नेणार नाही, ते करायची गरजही नाही. पण गोठा पुस्तकात आणता येतो आणि पुस्तक वर्गात.

आदिलाबादच्या वर्गात दुसरी एक गोष्ट असते, ती पुण्याच्या वर्गात सहसा नसते. तिथे चार-पाच भाषा एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात. हा जिल्हा हैदराबाद संस्थानातला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे त्याचे तालुके मराठी मुलखाकडे गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात आणि पुढे तेलंगणात गेला. २०१६मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. रेषा सरकल्या तरी माणसं आपापल्या जागी राहिली. बेला, जैनथ, तांसी, नारनूर या भागांत आजही घराघरांत मराठी बोललं जातं आणि मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. पूर्वीच्या जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डोंगरात, दोन्ही राज्यं ज्यांच्यावर हक्क सांगतात अशी गावं आहेत, आणि तिथे एकाच गावात दोन सरकारांच्या दोन शाळा भरतात. मराठीच्या शेजारी गोंडी आहे, कोलामी आहे, बंजारा आहे, उर्दू आहे आणि सगळ्यांवर तेलुगू. मराठी शाळेतल्या मुलाची घरची भाषा गोंडी असू शकते, आणि मराठी घरातलं मूल तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात बसलेलं असू शकतं. २०२२पासून तेलंगणाच्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजी माध्यमाची आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘तोलिमेट्टू’ या पायाभूत वाचन-गणित कार्यक्रमाची भर पडली, तेव्हापासून शिक्षकांवरचा ताण आणखी वाढला आहे.

अशा वर्गात अक्षरांपासून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी अर्धा वर्ग गप्प होतो. कोंबडी आणि तिच्या पिल्लांच्या चित्रापासून सुरुवात केली तर कोणीच गप्प बसत नाही. कोणी मराठीत सांगतं, कोणी गोंडीत, कोणी दोन्हींची मिसळ करून. आमच्या कोंबडीने ओसरीत अंडी घातली, एक पिल्लू घारीने नेलं, आजी टोपलीखाली झाकून ठेवते, अशी वाक्यांवर वाक्यं येतात. शिक्षकाला सगळ्या भाषा यायला हव्यात असं नाही, मुलं एकमेकांना समजावतात. बोलणं आधी आणि वाचणं त्याच्या पाठीवरून, हा क्रम इथे आपोआप जुळून येतो. म्हणून शब्दच नसलेलं किंवा पानाला एकच ओळ असलेलं चित्रपुस्तक हे या जिल्ह्यासाठी पहिलं पाठ्यपुस्तक मानायला हवं. आज ते फावल्या वेळेची चैन म्हणून कपाटात पडलेलं असतं.

प्राण्यांच्या आधाराने अक्षरओळख करून देण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाचं ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांच्या इतिहासात ते फार वरच्या जागी आहे. त्याच्या सुरुवातीलाच एक वर्णमाला आहे आणि तिथे बहुतेक अक्षरांशेजारी एक जीव आणि त्याचा आवाज आहे. कोकराचं बेंबें ‘ब’साठी, बदकाचा आवाज ‘क’साठी, गुरगुरणारा कुत्रा ‘र’साठी. अक्षर म्हणजे आवाजाचं चित्र, ही अवघड गोष्ट त्या शिक्षकाने साडेतीनशे वर्षांपूर्वी अंगणातल्या जनावरांकडून सांगवली. आपल्या वर्गात हे आजही जमतं. कोंबड्याचं मराठी कुकूचकू आणि तेलुगू कोक्कोरोको दोन्ही फळ्यावर लिहा. दोन्हींत क आहे आणि दोन्हींत तो परत परत येतो. ज्या मुलाला ‘क कमळाचा’ लक्षात राहत नाही तेही हा क विसरत नाही, कारण तो त्याने रोज पहाटे ऐकलेला असतो.

आता चित्रपुस्तक वाचायला मदत करतं म्हणजे नेमकं काय करतं, यावर थोडं थांबायला हवं. ‘चित्रं रंगीत असतात म्हणून मुलांना आवडतात’ हे उत्तर अपुरं आहे. माझ्या मते सगळ्यात मोठी मदत अंदाजाची असते. वाचणारं मूल पुढे काय येणार याचा सतत अंदाज बांधत असतं आणि अक्षरं पाहून तो तपासत असतं. अंदाज बांधायला आधी माहिती लागते. शहामृगाबद्दलच्या वाक्यात पुढचा शब्द काय असेल हे मुलाला कळणं शक्य नाही. पण चित्रात मांजर दुधाच्या पातेल्याकडे निघालं आहे आणि खाली ओळ आहे, ‘मांजर दूध...’ तर पुढचा शब्द मुलाच्या तोंडात आधीच तयार असतो. मग ते ‘पितं’ या अक्षरांकडे पाहतं, प ओळखतं, आणि आपला अंदाज खरा ठरल्याचं त्याला कळतं. वेलांटी आणि अनुस्वार अजून शिकवलेलेच नाहीत, तरी शब्द वाचला गेला. अशाच रीतीने ‘कुत्रा’ हा शब्द त्र शिकण्याच्या कितीतरी आधी मूल अख्खा ओळखू लागतं. पुढे त्र शिकवताना शिक्षकाच्या हाताशी ओळखीचा शब्द असतो. ‘हा बघ, कुत्र्यातला त्र’ एवढं म्हटलं की पुरतं. अक्षरांचा क्रम सोडून द्या असं मी म्हणत नाही. तो चालूच ठेवावा आणि त्याच्या शेजारून हा दुसरा रस्ता मोकळा ठेवावा.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३च्या ‘टीचर’ या पुस्तकात जवळपास हेच सांगितलं. मूल स्वतः जो शब्द मागतं तो कार्डावर लिहून त्याला द्यायचा, तो ते एका नजरेत शिकतं. बाहेरून आलेल्या वाचनमालेतले गुळगुळीत शब्द मात्र ते महिनोन्‌महिने शिकत नाही. आपल्याकडे असा शब्द मागायला सांगितला तर ‘आई’च्या पाठोपाठ बहुतेक वेळा एखाद्या जनावराचं नाव येतं. पुष्कळदा ते जातीचं नाव नसतं, त्या एकाच जनावराचं असतं. सर्ज्या, कपिली, काळू.

दुसरी मदत पुनरावृत्तीची. तिचा आपल्या जिल्ह्यात एक खास उपयोग आहे, तो महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या लक्षात येणार नाही. तेलुगूत बैल येवो, गाय येवो की वासरू येवो, क्रियापदाचं रूप एकच: वच्चिंदी. गोंडी आणि कोलामीतही पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला, अशी मूळ विभागणी आहे. मराठीत मात्र बैल आला, गाय आली, वासरू आलं. तीन जनावरं आणि तीन रूपं. त्यामुळे घरी गोंडी किंवा तेलुगू बोलणारं मूल मराठी वर्गात ‘बैल आली’ म्हणतं आणि वर्ग हसतो. त्याला लिंगाचा तक्ता पाठ करायला लावण्याने हे सुटत नाही. पण समजा आठ पानांचं एक पुस्तक आहे, संध्याकाळी जनावरं घरी परतण्याचं. पानाला एक चित्र आणि एक ओळ. बैल आला. गाय आली. वासरू आलं. शेळ्या आल्या. कोंबडी आली. पिल्लं आली. कुत्रा आला. आणि शेवटच्या पानावर: मांजर? मांजर तर केव्हाच चुलीपाशी झोपलंय. हे पुस्तक मुलं पाठ होईपर्यंत वाचतात, आणि त्याबरोबर मराठीच्या व्याकरणातली सगळ्यात चिवट गोष्ट, नियम न सांगता, त्यांच्या कानात बसते. पाळीव प्राण्यांमध्ये नर, मादी आणि पिल्लू यांची वेगवेगळी नावं असतात: बोका, भाटी, मांजरीचं पिल्लू, बोकड, शेळी, करडू. त्यामुळे हे शिकायला त्यांच्याइतका चांगला विषय मला दुसरा दिसत नाही.

तिसरी मदत चित्र आणि शब्द यांच्यातल्या अंतराची. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’ हे पुस्तक मी या बाबतीत आदर्श मानते. एक कोंबडी वाड्यातून फिरायला निघते आणि जेवायच्या वेळेला परत येते, एवढीच गोष्ट. सबंध पुस्तकात शब्द फक्त ३२. पण प्रत्येक चित्रात तिच्या मागे एक कोल्हा आहे. तो झडप घालायला जातो आणि प्रत्येक वेळी कुठेतरी आपटतो, बुडतो, गाडला जातो. शब्दांमध्ये कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. तो फक्त चित्रात आहे आणि तो पाहायचं काम मुलाचं आहे. ज्या मुलाच्या घरची कोंबडी खरोखरच कोल्ह्याने किंवा रानमांजराने नेली आहे त्याला हे पुस्तक दाखवा. ते पानांशी बोलतं, कोंबडीला ओरडून सावध करतं, आणि शब्द काय सांगतात आणि काय लपवतात हे पहिल्यांदा त्याच्या ध्यानात येतं. ओळींमधलं न लिहिलेलं वाचणं म्हणतात ते हेच, आणि सहाव्या वर्षी ते शिकता येतं.

रशियन चित्रकार व्लादिमीर सुतेयेव यांचं ‘म्याऊ कोण म्हणालं?’ या आशयाच्या नावाचं १९५५चं पुस्तक असंच. झोपलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला म्याऊ ऐकू येतं आणि ते ज्याला त्याला विचारत सुटतं. आवाज कोणाचा हे वाचणाऱ्या मुलाला पहिल्यापासून माहीत असतं, पिल्लाला नसतं. पुस्तकातल्या पात्रापेक्षा आपल्याला जास्त कळतं, हा आनंद अडखळत वाचणाऱ्या मुलाला फार क्वचित मिळतो. आणि शब्दसंख्या कमी असली म्हणजे गोष्ट पातळ होते असंही नाही. अमेरिकेत १९५७ साली डॉ. स्यूस यांनी टोपीवाल्या मांजराचं जे पुस्तक लिहिलं त्यात वेगवेगळे शब्द केवळ २३६ आहेत, आणि पहिल्या वाचनाच्या कंटाळवाण्या वाचनमालांना त्याने तिथे जोरदार उत्तर दिलं.

मराठीत काय आहे? जे आहे ते थोडं आहे, पण त्यातलं काही फार चांगलं आहे. माधुरी पुरंदरे यांनी ज्योत्स्ना प्रकाशनासाठी केलेलं ‘चित्रवाचन’ हे प्रत्येक पहिलीच्या वर्गात असावं असं पुस्तक आहे. वाचन चित्रांपासून सुरू होतं, हे त्याच्या नावातच आहे. लहान मुलांच्या रोजच्या जगण्याकडे त्या ज्या बारकाईने आणि आदराने पाहतात तशी नजर मराठी बालसाहित्यात दुर्मिळ. २०१६ साली ‘बिग लिटल बुक’ हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा लेखनासाठीचा मान त्यांना मिळाला, ही मराठीसाठी मोठी गोष्ट होती. २००४मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने कमी किमतीत, वाचनपातळीप्रमाणे लावलेली पुस्तकं अनेक भाषांत आणली. सकाळी जाग न येणाऱ्या भीमा नावाच्या गाढवाची किरण कस्तुरिया यांची गोष्ट त्यातलीच. २०१५मध्ये प्रथम बुक्सने स्टोरीवीव्हर हे खुलं व्यासपीठ सुरू केलं. तिथली गोष्ट कोणीही विनामूल्य वाचू, छापू आणि आपल्या भाषेत आणू शकतं. मराठी आणि तेलुगू तिथे भरपूर आहे, गोंडीतल्या गोष्टीही आहेत. आदिलाबादच्या शिक्षकाला याहून सोयीचं काही नाही: तीच चित्रं, तीच पानं, आणि एकेका भाषेतली ओळ. चेन्नईच्या तूलिकानेही अनेक भारतीय भाषांत चित्रपुस्तकं आणली. त्यांच्या ‘कॅच दॅट कॅट!’मध्ये चाकाच्या खुर्चीतली डिपडिप हरवलेलं मांजर शोधायला निघते. तिच्या खुर्चीबद्दल पुस्तक एक अवाक्षर बोलत नाही, सगळं लक्ष मांजराकडे, आणि म्हणूनच मला ते फार आवडतं.

परदेशी आणि शहरी पुस्तकांची एवढी नावं घेतल्यावर आपल्या मातीतल्या एका प्रयत्नाची आठवण करून देणं माझं कर्तव्य आहे. कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालच्या १९४०च्या उठावानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या मुलखात पाठवलं. ते आणि त्यांच्या पत्नी बेटी मार्लवाईला राहिले. १९४३मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि मुलांसाठी वाचनाची पहिली पुस्तकं गोंडी भाषेत तयार झाली, देवनागरी लिपीत. घरच्या भाषेत वाचायला शिका, मग पुढच्या भाषांकडे जा, हे तत्त्व आज धोरणांच्या कागदांवर मोठ्या अक्षरांत असतं. आदिलाबादच्या जंगलात ते ऐंशी वर्षांपूर्वी आचरणात आलं होतं. मार्लवाई आज आसिफाबाद जिल्ह्यात आहे आणि बेटी यांची समाधी तिथेच आहे. हा वारसा आपला आहे आणि आपण तो पुरेसा चालवलेला नाही, याची मला खंत वाटते.

आता निवडीबद्दल, आणि इथे माझी मतं थोडी कडक आहेत. बाजारात मिळणाऱ्या प्राण्यांच्या पुस्तकांत बहुतेक प्राणी कपडे घालतात, शाळेत जातात, खोटं बोलतात आणि शेवटी शिक्षा भोगतात. त्यात प्राणी नसतोच, प्राण्याच्या मुखवट्यातलं माणूस असतं आणि तात्पर्य असतं. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गॅनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४चा अभ्यास सांगतो की प्राण्यांना माणसासारखं बोलता-वागताना दाखवणाऱ्या पुस्तकांतून लहान मुलं त्या प्राण्यांची खरी माहिती कमी शिकतात आणि त्यांना माणसाचे गुण चिकटवतात. म्हणून बोलणारे प्राणी पूर्ण वर्ज्य करा असं मी म्हणणार नाही. लोककथा आणि पंचतंत्र आपल्या रक्तात आहेत आणि त्यांचा आनंद वेगळा आहे. पण पहिल्या वाचनासाठी, जिथे मुलाच्या स्वतःच्या माहितीवर सगळा भार टाकायचा आहे, तिथे शेळी शेळीसारखीच वागायला हवी. चित्रकाराने शेळीचे कान आणि डोळ्यांतली आडवी बाहुली चुकवली तर आपल्या वर्गातलं मूल ती चूक पकडतं आणि त्या पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडतो.

आणि पुस्तकाने खरं सांगावं. इथल्या मुलाच्या घरचं बोकड बाजाराला जातं. म्हातारा बैल विकला जातो, कधी दावणीतच मरतो. कोंबडी ताटात येते. मुलं हे पाहतात, रडतात, त्यातून जातात आणि त्याबद्दल त्यांच्याशी कोणी बोलत नाही. मराठीत असं एक चित्रपुस्तक मला हवं आहे, ज्यात शनिवारच्या बाजाराच्या आदल्या रात्री पोरगी बोकडाच्या अंगावर हात ठेवून झोपली आहे. कोणी दुष्ट नाही, बोकड शेवटी चमत्काराने परत येत नाही, आणि घरातल्या पैशाची अडचणही खरी आहे. सहा वर्षांच्या मुलाला हे झेपणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बेल्याच्या बाजाराला जाऊन दावं धरून उभी असलेली पोरं पाहावीत. तसंच अनोळखी किंवा चिडलेल्या कुत्र्याजवळ कसं जाऊ नये, चावलं तर जखम साबणाने लगेच धुवून दवाखान्यात का जायचं, हेही गोष्टीतून यायला हवं. गावात हा मरणाजगण्याचा प्रश्न असतो.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९९९पासून शिकवलेल्या कुत्र्यांना मुलांनी मोठ्याने वाचून दाखवायचा उपक्रम चालतो आणि तो पुढे अनेक देशांत पोचला. कुत्रा हसत नाही, चूक काढत नाही, घाई करत नाही, म्हणून लाजणारं मूल त्याच्यापाशी वाचतं. आपल्याला त्यासाठी संस्था काढायची गरज नाही. पुस्तक घरी न्यायची परवानगी द्या आणि ‘शेळीला वाचून दाखव’ असा गृहपाठ द्या. वर्गात तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुली हा गृहपाठ आवडीने करतात.

पुस्तक विकतच घ्यायला हवं असंही नाही. पुढे वर्गात पुस्तक तयार करण्याची रीत सविस्तर दिली आहे. थोडक्यात ती अशी. मुलांनी आपापल्या घरच्या एका जनावराबद्दल सांगायचं, शिक्षकाने त्यांच्याच शब्दांत एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायचं, चित्र मुलाने काढायचं. वाक्य दुरुस्त करायचा मोह आवरा. मूल वऱ्हाडी वळणाने बोललं तर तसंच लिहा, पुढच्या पुस्तकात प्रमाण रूप येईलच. त्याखाली गोंडी किंवा तेलुगू ओळीसाठी जागा सोडा. ती ओळ पालक सांगतील, आणि शाळेच्या पायरीशी बिचकणारी आई या कामासाठी आत येते. चित्रं काढायला बिचकणाऱ्या मुलांपुढे लाकडी जनावरं ठेवा. निर्मळच्या हलक्या लाकडाची रंगवलेली खेळणी पूर्वीच्या याच जिल्ह्यातली, आणि पैनगंगेपलीकडे विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी बैल फिरवतात तेही चालतील.

शेवटी खरेदीबद्दल एक सूचना. आवडीचं पुस्तक तीस मुलांच्या हातात फिरलं की फाटतं, आणि फाटेल या भीतीने ते कुलपात ठेवलं की ते असून नसल्यासारखं. म्हणून शाळेच्या निधीतून वीस वेगवेगळी पुस्तकं घेण्यापेक्षा दहाच घ्या, पण प्रत्येकाच्या दोन प्रती घ्या: एक वर्गातल्या दोरीवर टांगायला, एक घरी न्यायला. घरून येणाऱ्या प्रतीवर शेणाचा डाग असेल, एखादा कोपरा करडाने खाल्लेला असेल. त्याबद्दल मुलाला रागावू नका, दंड लावू नका. खळ आणि जुनं वर्तमानपत्र वर्गात ठेवा आणि पानं चिकटवायचं काम आठवड्यातून एकदा मुलांकडेच द्या.